जुनी स्पिन बाईक आणि चार गुणिले चार: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

बाईक आज घरात आली. बंद झालेल्या एका जिममधली आहे. पुढचं चाक १८ किलोचं, चेनवर चालणारी, ब्रेक म्हणजे वरून चाकावर दाबणारा फेल्टचा पॅड. मॅग्नेट नाही, मोटर नाही. विकणारा सारखा डिस्प्ले दाखवत होता आणि मी चेनचा ढिलेपणा आणि क्रँकचं, म्हणजे पॅडल जोडलेल्या दांड्याचं, बेअरिंग बघत होतो. बेअरिंगला खेळ नाही, क्रँक सरळ आहे. बाकीचं घरी दुरुस्त होतं.

उद्देश आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सोयीप्रमाणे वाकवता येणार नाही. वय ४७, वजन ७४ किलो, चाकणला मेंटेनन्समध्ये नोकरी, तिन्ही शिफ्ट. पाऊस लागला की सकाळची टेकडी बंद होते आणि दसऱ्यापर्यंत पट्ट्याचं एक भोक वाढतं. यंदा पावसाळ्यात या बाईकवर ४×४ पक्का करायचा: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा. जोराच्या चार मिनिटांत नाडी कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर गेली पाहिजे.

हा प्रकार नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाने प्रसिद्ध केला. २००७ मध्ये तिथल्या संशोधकांनी तरुण पुरुषांचे चार गट केले आणि आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा पळवले. एकूण काम सगळ्यांचं सारखंच ठेवलं, फक्त ते करायची तऱ्हा वेगळी. सलग मध्यम गतीने पळणाऱ्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता फारशी हलली नाही; ४×४ करणाऱ्यांची ७.२ टक्क्यांनी वाढली आणि हृदय एका ठोक्यात ढकलतं ते रक्तही वाढलं. ते ट्रेडमिलवर पळत होते, मी सायकलवर बसणार आहे. हृदयाला पायाखाली काय आहे याच्याशी देणंघेणं नसावं, असं धरून चालतो.

डॉक्टरांकडून मे महिन्यातच टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी, करून घेतली आहे. घरात वडिलांचा हृदयविकाराचा इतिहास आहे, त्यामुळे त्यात हयगय नाही. ‘जोरात करा, पण छातीत दडपण किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथल्या तिथे थांबा’ एवढीच ताकीद मिळाली.

१० जून, मंगळवार

सेटिंग. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक घट्ट वर ओढून आतल्या पायाची उंची मोजली: ८० सेंटीमीटर. सायकलवाले याला ०.८८३ ने गुणतात. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ आलं. लावून बसलो. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात थोडासाच वाक राहतो, २५ ते ३५ अंशांच्या हिशेबात बसणारा. जिममध्ये लोक सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे पोटाला लागतात, आणि मग गुडघ्याची वाटी दुखली की खापर सायकलिंगवर फुटतं.

घरात सगळ्यांना बजावलं: या बाईकला फ्रीव्हील नाही. पाय थांबवले तरी १८ किलोचं चाक पॅडल फिरवतच राहतं. चालू असताना पाय काढायचा नाही. थांबायचं तर पॅड घट्ट-सैल करणारा नॉब खाली दाबायचा, तोच इमर्जन्सी ब्रेक. चेनचा गार्ड निखळत होता, दोन नवे बोल्ट टाकून पक्का केला.

१५ जून, रविवार

आजचं काम या सगळ्या प्रकल्पाचा पाया आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या बाईकच्या नॉबवर एकही आकडा नाही. डिस्प्ले वेग दाखवतो, पण तो नुसत्या फेऱ्यांवरून काढलेला. नॉब सैल असो की घट्ट, त्याला पत्ता नसतो. मग ‘जोरात’ म्हणजे किती जोरात, हे आज आणि दोन महिन्यांनी सारखं कसं मोजायचं?

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला. क्रँक आडवी ठेवली, पॅडलच्या दांड्याला हुक अडकवला आणि सरळ खाली, अगदी सावकाश ओढलं. पॅडल सरकत असताना काटा जो आकडा दाखवतो तो लिहायचा. धक्का देऊन ओढलं तर चाकाचं जडत्वही काट्यात येतं, म्हणून संथपणे. चेन आणि बेअरिंगचं घर्षण यात आपोआप मोजलं जातं, कारण आपण पायाच्या जागीच मोजतोय.

क्रँकची लांबी १७० मिलिमीटर. काटा १० किलो दाखवत असेल तर ९८ न्यूटन, गुणिले ०.१७ मीटर, म्हणजे साधारण १६.७ न्यूटन-मीटर टॉर्क. मिनिटाला ८५ फेऱ्यांनी ते होतात १४८ वॉट. ८५ फेऱ्यांना दर किलोमागे १५ वॉटला थोडे कमी, हे एकदा डोक्यात बसलं की कागद लागत नाही. नॉबच्या दांड्यावर परमनंट मार्करने ७ ते १२ किलोच्या खुणा केल्या.

हे जमतं कारण पॅडचं घर्षण वेगावर फारसं अवलंबून नसतं. प्रयोगशाळेतल्या स्वीडिश मोनार्क सायकलीचा हिशेबही याच जातीचा: चाकाभोवती पट्टा, पट्ट्याला वजन, आणि फेऱ्या मोजायच्या. माझ्याकडे टोपलीत टांगलेल्या वजनाऐवजी नॉब आहे, इतकाच फरक. अचूकता दहा-वीस वॉट इकडेतिकडे असेल. चालेल. मला दुसऱ्या कोणाशी तुलना करायची नाही, या बाईकवरच्या मलाच पुन्हा मोजायचंय.

२२ जून, रविवार

कमाल नाडी. सूत्रं दोन: २२० वजा वय, म्हणजे १७३, आणि २००१ चं तनाका यांचं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, म्हणजे १७५. दोन्ही सूत्रं सरासरी माणसाची आहेत. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

छातीचा पट्टा पाण्याने ओला करून बांधला. पंधरा मिनिटं गरम झालो, मग दर दोन मिनिटांनी एक किलो वाढवत गेलो आणि शेवटच्या मिनिटाला उरलंसुरलं सगळं लावलं. सगळ्यात वरचा आकडा १८१. म्हणजे सूत्रावर विसंबलो असतो तर ‘९० टक्के’ म्हणून १५७ वर समाधान मानलं असतं. आता जोराच्या मिनिटांत माझी नाडी १६३ ते १७२ आणि मधल्या विश्रांतीत १२७ च्या आसपास.

मनगटावरचं घड्याळ मुद्दाम सोबत लावलं होतं. हँडल घट्ट धरलं की ते भरकटतं, आणि नाडी झपाट्याने चढताना बरंच मागे राहतं. चार मिनिटांच्या खेळात एवढी दिरंगाई परवडत नाही. छातीचा पट्टाच.

२५ जून, बुधवार

पहिला पूर्ण ४×४. ९ किलो, ८५ फेऱ्या, साधारण १३४ वॉट.

पहिल्या मिनिटात नाडी १४० च्या घरात रेंगाळते आणि वाटतं, हे फारच सोपं झालं. इथे हात नॉबकडे जाऊ द्यायचा नाही. पायांनी मागणी वाढवली तरी हृदय तिथवर पोचायला दीड-दोन मिनिटं घेतं. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी १५८, चौथ्याच्या शेवटी १६५. शेवटच्या फेरीत १७१. चौथीत बोलणं एका शब्दावर आलं. बायकोने दारातून विचारलं, ‘चहा टाकू?’ आणि मी नुसती मान हलवली, जी तिला नाही अशी दिसली.

रात्री साडेनऊला खालच्या मजल्यावरचे काका वर आले. ‘अहो, पिठाची गिरणी काढलीत का घरात?’ आवाज चेनचा नाही, लादीतून जाणारा थरथराट आहे. कंपनीत प्रेसखाली टाकतो तसला जाड रबराचा मॅट आणतो म्हणालो. शिवाय बाईकचे चार पाय लेव्हलला नव्हते, तेही केले.

२ जुलै, बुधवार

मॅट आल्यापासून काका खूश. त्यांच्या मुलाकडे मॅग्नेटवाली बाईक आहे, तीही काट्याने मोजून द्या म्हणाले. गेलो, पण तिथे ही युक्ती चालत नाही. चुंबक चाकाला टेकतच नाही. धातूचं चाक त्याच्यासमोरून फिरतं तेव्हा त्यात भोवरे प्रवाह तयार होतात आणि तेच चाकाला मागे ओढतात. चाक जवळजवळ उभं असताना विरोधही जवळजवळ शून्य. काट्याने ओढलं तर लेव्हल ३ आणि लेव्हल १२ सारखेच लागतात. त्यांनी लेव्हल आणि फेऱ्या दोन्ही लिहून ठेवाव्यात, आवाज नाही आणि पॅड झिजत नाही यावर समाधान मानावं.

पंख्याची एअर बाईक आणखी तिसरी. तिथे ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते: फेऱ्या दुप्पट केल्या की आठपट वॉट. तिच्यावर नॉबच नसतो, कारण लागतच नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी

एकादशी, दुप्पट खाशी. दुपारी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर शेंगदाण्याची आमटी. संध्याकाळी फक्त हलकी फेरी, ६ किलो, अर्धा तास, नाडी १२० च्या खाली. उपासाच्या दिवशी जोराची फेरी ठेवायची नाही, असं वेळापत्रकात लिहिलं. पोट रिकामं असतं म्हणून नव्हे!

१३ जुलै, रविवार

पंख्याची चाचणी. रस्त्यावर सायकल चालवताना वारा फुकट मिळतो. खोलीत आपण आपल्याच वाफेत बसतो. पुण्यात जुलैत तापमान फार नसतं, पण हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता गळतो. आणि अंग थंड होतं ते घाम वाळण्याने, गळण्याने नाही.

७ किलो, ८० फेऱ्या, साधारण ९८ वॉट, सलग तीस मिनिटं. एक दिवस टेबल फॅन छातीवर रोखून, एक दिवस बंद. दोन्हीकडे दहाव्या मिनिटाला नाडी जवळपास सारखी, १२६ आणि १२८. तिसाव्या मिनिटाला पंख्यासह १३२, पंख्याशिवाय १४७. काम तेच. जास्तीचे ठोके त्वचेकडे रक्त पाठवून अंग थंड करण्यात गेले. पंख्याशिवायच्या दिवशी टॉवेलने कोरडं होऊन काट्यावर उभा राहिलो तर पाऊण किलो कमी. ती चरबी नव्हे, पाणी. रात्रीपर्यंत परत आलं.

म्हणून खिडक्या बंद, अंगात रेनकोटसारखं जॅकेट आणि ‘काय घाम निघाला’ असं म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. नाडी वर जाते खरी, पण पाय कमी काम करतात. अवघड आणि उपयोगी यांची गल्लत होते ती इथे.

याच फेरीत डिस्प्लेवरच्या कॅलरीही उतरवून घेतल्या: तीस मिनिटांत ४१२. आता हिशेब. ९८ वॉट गुणिले १८०० सेकंद, म्हणजे १७६ किलोज्यूल काम. सायकलवर माणसाचं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतली पाव-एक भागच पॅडलला देतं, आणि एका किलोकॅलरीत ४.१८ किलोज्यूल असतात; हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ खोडतात. म्हणून केलेलं काम जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच कॅलरी जळाल्या, फार तर थोड्या जास्त. म्हणजे माझ्या १८०-२००. डिस्प्ले दुपटीहून जास्त सांगतोय, आणि त्याने मला माझं वजनही कधी विचारलेलं नाही. डिस्प्लेच्या त्या भागावर इन्सुलेशन टेप लावली.

२७ जुलै, रविवार

भाचा आला होता. वय २४, जिमला जातो, ‘मामा, चार मिनिटं वीस-वीस मिनिटांच्या बरोबरीची असतात, आम्ही टबाटा करतो’ म्हणाला. उठाबशा आणि उड्या मारून करतात. मी म्हटलं, मूळ प्रयोग सायकलवरचा आहे, बस.

जपानच्या कानोया इथल्या क्रीडा संस्थेत इझुमी तबाता आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये छापलेला तो अभ्यास. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, सात-आठ वेळा. हे सगळ्यांना पाठ असतं. जोर किती, ते कोणी सांगत नाही: ऑक्सिजन वापराच्या कमाल पातळीला जेवढी ताकद लागते तिच्या १७० टक्के. मिनिटाला ९० फेऱ्या ठेवायच्या आणि ८५ च्या खाली आला की गडी बाद. आठव्या फेरीनंतरही गप्पा मारता येत असतील तर ते दुसरं काहीतरी आहे. चांगलं असेल, पण दुसरं.

नॉब घट्ट केला, स्टॉपवॉच धरलं. पहिल्या दोनांत भाचा हसत होता. चौथ्यात ओठ आवळले. पाचव्यात फेऱ्या ८० वर आल्या आणि मी ‘बाद’ म्हणालो. उतरून लादीवर आडवा झाला, आजी लिंबूपाणी घेऊन धावली. ‘मामा, हे रोज करायचं नसतं ना?’ त्या लोकांनी आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे केलं. पण ते खेळाडू मुलगे होते. माझ्या प्रकल्पात तबाता नाही. चार मिनिटांत संपतं हे खरं, पण इतक्या जोरात गुडघा आणि कंबर सांभाळणं सत्तेचाळिशीत मला नको वाटतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

थर्ड शिफ्टचा आठवडा. सकाळी साडेसातला घरी, दुपारी तुटक झोप. अंथरुणातली नाडी एरवी ५८, आज ६६. जोराची फेरी रद्द, हलकी अर्धा तास. शिफ्टच्या माणसाने सोमवार-बुधवार-शुक्रवार असं वेळापत्रक लावू नये. मी आता आठवड्याला दोन जोराच्या फेऱ्या धरतो, मध्ये किमान दोन रात्रींची झोप, मग वार कुठलाही येवो. बाकीच्या फेऱ्या अशा की चालवताना आईशी गप्पा मारता येतील.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पॅड किंचाळायला लागला. काका येण्याआधी बंदोबस्त करावा म्हणून पॅडवर सिलिकॉनचा फवारा मारला. आवाज गेला. पण १० च्या खुणेवर बसलो तर पाय कापसासारखे हलके, तिसऱ्या मिनिटाला नाडी जेमतेम १५०. एका रात्रीत कोणी इतकं सुधारत नाही. काटा लावून बघितलं: १० च्या खुणेवर ८ किलो. फवाऱ्याने घर्षण उतरलं होतं. खुणा पुसून नव्या केल्या.

उलटही होतं. फेरीच्या मध्यात पॅड तापतो आणि पकड बदलते, त्यामुळे थंड पॅडवर मोजलेला आकडा आणि तिसऱ्या फेरीतला आकडा थोडा वेगळा येतो. आता काट्याची ओढ पॅड गरम झाल्यावर, पहिल्या फेरीच्या आधी मोजतो. बायको म्हणते व्यायामापेक्षा मोजमापच जास्त चाललंय. खरं आहे, पण मेंटेनन्सच्या माणसाला रीडिंगशिवाय मशीन चालवता येत नाही.

जाता जाता देखभाल: घाम खारट असतो, चाकाच्या कडेला आणि सीटच्या दांड्यावर तांबेरा धरतोय. प्रत्येक फेरीनंतर ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसणे. सीटच्या दांड्याला ग्रीस. पॅडलचे आटे तपासले. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, हे घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीचे देखावे बघायला साताऱ्याहून दादा आणि वहिनी आलेत. दादा ५६ चा, दोन वर्षांपासून मेटोप्रोलोल चालू. त्याच्या डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंय, पण तो घड्याळातल्या नाडीच्या ‘झोन’कडे बघून वैतागलेला. ‘अरे, जीव खाऊन चालवतो तरी ११० च्या वर जात नाही. हृदय कामातून गेलं का?’

दादाला समजावलं की हे औषधाचं कामच आहे. मेटोप्रोलोल हा बीटा ब्लॉकर आहे, तो नाडीला वर जाऊ देत नाही, त्यामुळे २२० वजा वय वगैरे हिशेब त्याच्यासाठी रद्द. त्याच्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची पट्टी बरी: ६ ते २०, स्वतःला किती कष्ट पडतायत ते स्वतःच सांगायचं. ६ म्हणजे नुसतं बसलोय, २० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. सहापासून सुरुवात करायचं कारण असं की निरोगी तरुण माणसाचा आकडा दहाने गुणला की साधारण त्याची नाडी येते. दादाच्या बाबतीत तो गुणाकार जुळणार नाही, पण पट्टी तरीही चालते, कारण ती औषधाला नाही, दमाला विचारते.

कागदावर पट्टी लिहून हँडलला चिकटवली. ५ किलो, ६० फेऱ्या. दादा १२ म्हणाला, पूर्ण वाक्यं बोलत होता, रांगेतल्या कुठल्याशा मंडळावर टीकाही चालू होती. ६ किलोवर १४, वाक्यं तुटायला लागली. तिथेच थांबवलं. ‘याच्यावर जायचं की नाही ते डॉक्टरांना विचार, मला नाही.’ कागद तो घडी करून पाकिटात घालून घेऊन गेला.

१४ सप्टेंबर, रविवार

मुद्दाम जुनं माप: ९ किलो, ८५ फेऱ्या, चार वेळा, पंखा त्याच जागी, ओढ काट्याने तपासून. जूनमध्ये चौथ्या फेरीचा शेवट १७१ वर झाला होता, आज १५६. म्हणजे हे वजन आता माझ्यासाठी ४×४ राहिलंच नाही. त्याहून बोलका आकडा विश्रांतीतला आहे: चौथी फेरी संपल्यावर पहिल्या मिनिटात नाडी जूनमध्ये २२ ने उतरली होती, आज ३४ ने. वजन ७४ चं ७२.५ झालंय, त्यात गणपतीतले मोदकही आले.

११ किलोवर, १६३ वॉटला, गेल्या काही फेऱ्यांत १६६ ते १७१ मिळते आहे. काम वाढलं, नाडी तीच. डिस्प्लेवर विसंबलो असतो तर जूनमधला आणि आजचा वेग अगदी एकच दिसला असता, कारण फेऱ्या दोन्हीकडे ८५.

२१ सप्टेंबर, रविवार

१२ किलो, १७८ वॉट. पहिली फेरी १६४, दुसरी १६९, तिसरी १७३. तिसरी १७२ च्या वर गेली. चौथीत दोन मिनिटांनी फेऱ्या ८० च्या खाली यायला लागल्या, नॉब ११ वर आणून चार मिनिटं पूर्ण केली.

१२ सध्या दोन फेऱ्यांपुरतं, उरलेल्या दोन ११ वर. नवरात्र उद्यापासून, त्यात बायकोचे नऊ दिवसांचे उपास आणि माझी सेकंड शिफ्ट, म्हणजे जोराच्या फेऱ्या सकाळी. पॅड एका बाजूने तिरका झिजलाय, चाकाशी ब्रॅकेट समांतर नाही. शनिवारी खाली पत्र्याची पट्टी घालून बघतो. नवा पॅड मागवलाय. तो बसवला की खुणा पुन्हा पहिल्यापासून.